बोअरचं पाणी, पूर्वेची बाल्कनी, एप्रिल तोंडावर : अँथुरियम, अलोकेशिया, लिथॉप्स सोलापुरात टिकवायचे कसे?

पूर्वबाल्कनी (जुळे सोलापूर)

नमस्कार मंडळी. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, पूर्वेला नऊ बाय चारची बाल्कनी, शिवाय गच्चीचा एक कोपरा वापरता येतो. बाल्कनीत सकाळी साडेदहापर्यंत थेट ऊन. सध्याची परिस्थिती अशी :

अँथुरियम क्लॅरिनर्व्हियम : जुन्या पानांच्या कडा तपकिरी आणि कुरकुरीत, नवं पान अर्धवट उलगडून अडकलंय.
अलोकेशिया : पानांवर बारीक फिकट ठिपके, पान धुरकट दिसतं, खालून धूळ बसल्यासारखं.
होया केरी : हृदयाच्या आकाराचं एकच पान. वर्ष झालं, हिरवंगार आहे पण तसूभर वाढ नाही.
लिथॉप्स (दोन जाड पानांचं, गोट्यासारखं दिसणारं रसाळ झाड) : मधून फट पडून आत नव्या पानांची जोडी दिसते. आठवड्याला पाणी चालू आहे.
अडेनियम अरेबिकम : रोपं जोमात, नर्सरीच्या काळ्या पिशवीतच. कुंडी बदलायची आहे.

लिथॉप्स आणि अडेनियम सोडून सगळं नर्सरीच्या तयार मिश्रणात, म्हणजे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखत. पाणी बोअरचं, मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ११५०. कॉर्पोरेशनचं पाणी येतं तेव्हा भरून ठेवावं लागतं, ते घरालाच पुरत नाही. कडा जळतायत त्या उन्हानं की पाण्यानं? आणि मे महिना यायच्या आत नेमकं काय करून ठेवायचं?

---

खडकाळ

ताई, कडा जळतायत त्या पाण्यानं. उन्हानं जळलेलं पान मधोमध, उन्हाकडच्या बाजूला पांढुरकं किंवा करपलेलं दिसतं. क्षारानं जळलेलं टोकाकडून आणि कडेनं तपकिरी होत आत सरकतं. कुंडीच्या काठावर आणि मिश्रणाच्या वर पांढरी खपली धरलीय का बघा, धरलेली असणारच.

कारण साधं आहे. आपल्याकडे मार्च ते मे हवा इतकी कोरडी असते की कुंडीतलं पाणी भराभर उडतं. उडतं ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात. ११५० चं पाणी महिनाभर थोडं थोडं घातलं की मुळांपाशी त्याच्या कितीतरी पट खारटपणा साठतो. त्यात बिनधुतलेलं कोकोपीट मुळातच सोडियम आणि पोटॅशियम घेऊन येतं. "उन्हाळा आहे, रोज थोडं थोडं पाणी घाला" हा सल्ला जिथे तिथे मिळतो. आपल्या पाण्याला तो घातक आहे. घालायचं तेव्हा इतकं घाला की घातलेल्याच्या पाचव्या हिश्शाइतकं खालून वाहून जाईल, आणि ते बशीत साचू देऊ नका.

आधी कुंडी धुवा. कमी क्षाराचं पाणी, कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट, तीन हप्त्यांत, मध्ये पंधरा-पंधरा मिनिटं थांबून. शेवटच्या हप्त्याचं खालून आलेलं पाणी मीटरनं मोजा. आत घातलेल्या पाण्याच्या जवळपास आकडा आला की झालं.

पुढे रोजच्यासाठी मिसळण. आरओचं पाणी साधारण ५० धरलं तर एक भाग बोअर आणि चार भाग आरओ म्हणजे २७० च्या आसपास. अडेनियम, होया यांना हे छान. अँथुरियम, अलोकेशियाला एकास आठ, म्हणजे १७०. निव्वळ आरओ घातलं तरी चालतं, पण मग कॅल्शियम-मॅग्नेशियम खतातून द्यावंच लागतं, नाहीतर नवी पानं वेडीवाकडी येतात.

आरओच्या दुसऱ्या नळीतून जे टाकाऊ पाणी येतं ते झाडांना घालण्याची फॅशन आहे. ते मूळ बोअरपेक्षा खारट असतं. फरशी पुसा त्यानं. सोसायटीच्या टाकीला सॉफ्टनर असेल तर तेही पाणी नको. तो कॅल्शियम काढून सोडियम सोडतो, झाडाच्या दृष्टीनं आगीतून फुफाट्यात. उकळून थंड करणंही फुकट, थोडा चुना खाली बसतो पण सोडियमसारखे क्षार तेवढेच राहतात आणि पाणी मात्र आटतं.

---

गच्ची४२

वरच्या उत्तरात एक भर. टीडीएस एक आणि पाण्यातला बायकार्बोनेट दुसरं. आपल्या काळ्या पाषाणातल्या बोअरला दोन्ही जास्त. बायकार्बोनेटमुळे मिश्रणाचा सामू (पीएच) हळूहळू वर चढतो, लोह असूनही झाडाला मिळत नाही आणि नवं पान पिवळं, शिरा हिरव्या असं चित्र दिसतं. त्यावर किराणा दुकानातलं लिंबूफूल चालतं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. १० लिटरला ३ ग्रॅमपासून सुरुवात करा, ढवळा, अर्ध्या तासानं सामूच्या पट्टीवर ६ ते ६.५ येतोय का बघा. प्रत्येक बोअर वेगळा, म्हणून पट्टी हवीच. पाणी केलं त्याच दिवशी वापरा. यानं टीडीएस कमी होत नाही, तो प्रश्न मिसळण्यानंच सुटतो.

पिवळेपणा आधीच आला असेल तर शेती सेवा केंद्रात चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपातलं) मिळतं, पण त्यातला ईडीटीए प्रकार घेऊ नका. सामू साडेसहा-सातच्या वर गेला की ते निकामी होतं. ईडीडीएचए मागा, गडद लालसर पूड असते, लिटरला अर्धा ग्रॅम, मुळाशी. डाळिंब-द्राक्षवाले वापरतात, त्यामुळे आपल्या भागात मिळायला अडचण नाही. पाकीट मोठं येतं, दोघा-तिघांत वाटून घ्या.

पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम. शंभर चौरस फूट गच्चीवर एक इंच पाऊस पडला तर हिशेबानं २३५ लिटर होतात, गळती सोडून दोनशे धरा. पहिला पाऊस सोडून द्या, त्यात गच्चीची धूळ येते. ड्रमला झाकण आणि बारीक जाळी, नाहीतर डासांची पैदास. एसीचं ठिबकणारं पाणीही चालतं, फक्त आपल्याकडे त्याची गंमत अशी की भर मे महिन्यात, नेमकं हवं तेव्हा ते कमी येतं, कारण हवेतच ओल नसते.

---

पानपारखी

अलोकेशियाकडे कुणी बघितलंच नाही! ताई, ती धूळ नाही. पानाखाली पांढरा कागद धरून पानावर टिचकी मारा. कागदावर ठिपके पडून चालायला लागले की लाल कोळी. देठाच्या बेचक्यात बारीक जाळं दिसेल.

आजच ते झाड बाकीच्यांपासून बाजूला करा. पानांच्या खालच्या बाजूनं नळाच्या जोरदार धारेनं धुवा, कोळी आणि अंडी निम्म्याहून जास्त तिथेच जातात. मग संध्याकाळी पोटॅशियम साबण लिटरला ५ मिली, पानाखालून अगदी निथळेपर्यंत, आणि सकाळी साध्या पाण्यानं धुऊन टाका. तीस अंशांच्या आसपास कोळ्याची अंड्यापासून पूर्ण वाढ आठवडा-दहा दिवसांत होते, म्हणून एकदा फवारून सोडलं तर काहीच उपयोग नाही. चार-पाच दिवसांच्या अंतरानं तीनदा.

इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारू नका. कोळी हा कीटक नाही, त्याला ते लागू पडत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी वाढतो. गंधक कोळ्यावर चालतं पण पारा ३२ च्या वर गेला की पान भाजतं, म्हणजे आपल्याकडे आता संक्रांतीपर्यंत विसरा. निंबोळी तेलाचंही उन्हात तेच, मारायचं तर सूर्य मावळल्यावर आणि झाड सावलीत ठेवून.

सगळी पानं गेली तरी कुंडी रिकामी करू नका. मिश्रणात चाचपडून बघा, हरभऱ्यापासून लिंबोळीएवढे कडक गड्डे मिळतील. ओलसर मॉसवर (नर्सरीत मिळणारं वाळलेलं शेवाळ) टोक वर करून झाकणाच्या डब्यात ठेवले की तीन-चार आठवड्यांत फुटतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात अलोकेशिया ओढत नेण्यापेक्षा हा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

---

पूर्वबाल्कनी

कागदावर ठिपके चालले! लाल कोळीच आहे, वेगळं केलं. आरओचं मिसळण आजपासून. खपलीही आहे काठावर.

दोन शंका. मिश्रण बदलायचं तर इथे मिळणाऱ्या वस्तूंत काय? परलाइट, प्युमिस (मिश्रण मोकळं ठेवणारे हलके सच्छिद्र खडे) मागवायला फार महाग पडतं. आणि कूलर असलेल्या खोलीत झाडं ठेवली तर चालतील का?

---

मुरूम_मास्तर

परलाइट कशाला, आपण मुरमावर बसलोय. बांधकामाच्या ठिकाणचा तांबूस मुरूम घ्या, एक जाड आणि एक बारीक अशा दोन चाळण्यांतून काढा. ३ ते ६ मिलिमीटरचा खडा ठेवायचा, बारीक भुगा टाकायचा, मग पाणी नितळ येईपर्यंत धुवायचा. त्याआधी एक परीक्षा : मूठभर मुरमावर व्हिनेगर ओता. फसफसला तर त्यात चुनखडी आहे, सामू चढवणार. दुसरीकडचा बघा.

गमतीचा भाग म्हणजे तुमचं क्लॅरिनर्व्हियम मेक्सिकोतल्या चियापासच्या चुनखडी खडकांवरचं झाड आहे. त्याला कॅल्शियमचा त्रास नाही, खारटपणाचा आहे. पान जाड, चामड्यासारखं, त्यामुळे मखमली पानांच्या अँथुरियममध्ये कोरडी हवा सोसण्यात हे पुढे आहे. वॉरोक्वेनमसारखं लांब पानाचं घेण्याच्या मोहात मात्र पडू नका, ते काचेच्या पेटीशिवाय इथे जगणार नाही.

त्याचं मिश्रण : नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे ३ भाग, धुतलेलं कोकोपीट २, मुरूम किंवा विटांचे तुकडे ३, लोणारी कोळसा १, चांगलं कुजलेलं गांडूळखत १. इंटरनेटवरच्या व्हिडिओत कोकोपीट अजिबात नसतं, नुसती साल आणि परलाइट. ते केरळच्या किंवा कोकणच्या हवेला ठीक, आपल्याकडे असं मिश्रण दुपारपर्यंत खडखडीत होतं. काळी माती मात्र चिमूटभरही नको. ओली झाली की फुगून हवा बंद, वाळली की आक्रसून मुळं तोडते आणि कुंडीच्या कडेनं फट पडून पाणी तसंच खाली जातं.

कोकोपीटची ५ किलोची वीट फुगून ७० लिटरच्या आसपास होते. ती आधी दोन पाण्यांत धुवा, मग १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवलेल्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पिळून पुन्हा एकदा धुवा. कॅल्शियम आत जातं आणि सोडियम बाहेर पडतं. नुसत्या पाण्यानं कितीही धुतलं तरी चिकटलेलं सोडियम पूर्ण सुटत नाही.

अडेनियमसाठी बॉयलरची कोळसाराख, म्हणजे तो सच्छिद्र खंगर, उत्तम. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांच्या बाजूला चौकशी करा. आणला की आठवडाभर पाण्यात बुडवून रोज पाणी बदलायचं. शेवटच्या पाण्याचा टीडीएस तुमच्या मूळ पाण्याएवढा आला की वापरायला योग्य. खंगर किंवा मुरूम ५ भाग, सोडणाचे तुकडे २, खत २, निंबोळी पेंड मूठभर. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ) कुणी फुकट देत असेल तर ताजी घेऊ नका, ती कुंडीत तापते. पूर्ण कुजलेलीच.

---

गच्ची४२

कूलर चालतो, आणि खरं तर ही आपल्या कोरड्या हवेची एकमेव कृपा आहे. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता पंधरा टक्के असताना चांगल्या पॅडचा कूलर २६ ते २८ अंशांची ओलसर हवा देतो. झाडं झोताच्या समोर नकोत, बाजूच्या भिंतीला, चार-पाच फूट लांब. समोरची खिडकी विताएवढी उघडी ठेवा, नाहीतर ओल साचून पानांवर बुरशी धरते. शे-दोनशेचा आर्द्रतामापक घ्या, ५५ ते ७० मध्ये काटा राहिला की अँथुरियमची नवी पानं अडकायची थांबतील. उजेड कमी पडत असेल तर १५-२० वॉटचा पांढरा एलईडी पानांपासून फूटभर वर, दहा-बारा तास.

कूलरच्या टाकीतलं पाणी झाडांना घालायचं नाही. दिवसभर पाणी उडून ते बोअरच्या कितीतरी पट खारट झालेलं असतं. पॅडवरची पांढरी खपली तीच. बोअरच्या पाण्यानं पानांवर फवारेही नकोत, पाच मिनिटांत वाळतं आणि डाग राहतो. धुकं सोडणाऱ्या मशीनमध्येही आरओचंच पाणी, नाहीतर सगळ्या घरात पांढरी पूड.

बाल्कनीला मार्चअखेर ५० टक्क्यांची हिरवी जाळी लावा, झाडांपासून दीड-दोन फूट वर. अगदी टेकून लावली तर जाळीच तापून भाजते. गच्चीवरच्या काळ्या पिशव्यांना तरट गुंडाळा आणि खाली विटा घाला, स्लॅबवर थेट नकोत. मुळं भाजून मरतात आणि वरून बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं. अँथुरियमची प्लॅस्टिकची कुंडी एका मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरली की मुळांपाशी चांगलाच गारवा राहतो. पाणी सकाळी सातच्या आत. गच्चीवरच्या पाइपमधलं पहिलं गरम पाणी आधी सोडून द्या.

---

निवडुंगवाला

लिथॉप्सचं पाणी आजच बंद!! फट पडून नवी जोडी दिसतेय म्हणजे ती जुन्या पानांतलं पाणी शोषून घेतेय. आता वरून पाणी घातलं तर जुनी पानं वाळतच नाहीत, जोडीवर जोडी साचते आणि शेवटी सगळं मऊ होतं. जुनी पानं कागदासारखी होईपर्यंत थेंब नाही. त्यानंतर थेट कडक उन्हाळा, त्यात ते झोपतात. फार सुरकुतले तर संध्याकाळी कडेनं दोन चमचे, बस. खरं पाणी परतीचा पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर, तेही मिश्रण पूर्ण वाळल्यावर. आपल्याकडे त्यांना मारतो तो उन्हाळा नाही. सप्टेंबरचा पाऊस आणि उबदार रात्र एकत्र आली की मारते. छपराखाली ठेवा. मिश्रणात मुरूम नऊ भाग, खत एक.

होया केरीचं पान उपटून देठ बघा. नुसतं पान खोचलेलं असेल आणि त्याला खोडाचा तुकडा, म्हणजे डोळा नसेल, तर त्याला मुळं येतात, वर्षानुवर्षं हिरवं राहतं, पण वेल कधीच फुटत नाही. त्यात तुमचा दोष नाही, ते तसंच विकतात. निदान दोन पेरांचा खोडाचा तुकडा असलेलं घ्या. आणि पुढे फूल आलं तर फुलाचा वाळलेला दांडा कापू नका, होया पुढच्या वेळी त्याच दांड्यावर फुलतो.

अडेनियमला हाच मुहूर्त, फेब्रुवारीअखेर ते मार्चचा मध्य. आठवडाभर पाणी तोडा. बाहेर काढून मुळं धुवा, खाली जाणारी लांब मुळं कापा, आडवी पसरणारी ठेवा. कापल्या जागी मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची पूड दाबा आणि रोप सावलीत उलटं टांगून पाच-सात दिवस वाळवा. मग कोरड्या मिश्रणात, गड्डा पहिल्यापेक्षा इंचभर वर काढून, आणि पहिलं पाणी आणखी पाच-सहा दिवसांनी. घाई केली तर जखमेतून सड आत शिरते. चीक विषारी आहे, हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका, लहान मुलं आणि मांजर लांब.

पावसाळ्यात रोज अंगठ्यानं गड्डा दाबून बघा. मऊ लागला की वाट बघायची नाही, पांढरा स्वच्छ गर लागेपर्यंत कापायचं, प्रत्येक काप घेताना सुरी स्पिरिटनं पुसून. एकही तपकिरी ठिपका राहिला तर तो पुन्हा पसरतो. आणि कुंडीत काळ्या गोळ्यांसारखी विष्ठा दिसली की पानांखाली बोटाएवढी जाड हिरवी अळी शोधा. कण्हेरीवरचीच ती, एका रात्रीत रोप बोडकं करते. हातानं काढा, फवारणीची गरज नाही.

---

खडकाळ

आता थोडं विषयाला सोडून, पण लिहितोच. दुर्मिळ झाड म्हटलं की सगळे इक्वेडोर-कोलंबियाकडे बघतात आणि मग मे महिन्यात कूलरची सेवा करत बसतात. आपल्या हवेला साजेशी विलक्षण झाडं जवळच आहेत.

गोरखचिंच कुंडीत लावा. बी कानशीवर एका बाजूनं घासायचं, आतला रंग दिसेपर्यंत, मग कडकडीत गरम पाण्यात टाकून रात्रभर तसंच ठेवायचं. फुगलेली बियाणी एप्रिलमध्ये सेंटिमीटरभर खोल. उष्णता लागतेच, त्यामुळे गच्चीच योग्य. पहिल्या कुंडीबदलाला सोटमूळ कापलं की बुंधा जाड व्हायला लागतो. हिवाळ्यात पानं गाळतं, तेव्हा पाणी बंद, मेलं समजून फेकू नका.

कांडोळ, ज्याचं खोड रात्रीच्या चांदण्यात पांढरं दिसतं, त्याचंही बी असंच रुजतं, फक्त २४ तास साध्या पाण्यात. फळावर खाजरे काटेरी केस असतात, उघड्या हातानं धरू नका.

आणि शिंदळ माकुडी. शिवनेरी, सज्जनगडासारख्या कड्यांवरची, आपल्या महाराष्ट्राबाहेर कुठेही न उगवणारी. माकडशिंगाच्या कुळातली असून तिला पानं येतात, हे तिचं वेगळेपण. फूल लाल-जांभळ्या चांदणीसारखं, मधे पिवळ्या खुणा. चार इंचाचा काप दोन-तीन दिवस वाळवून मुरमात टेकवला की मुळं धरतो. टांगत्या कुंडीत, जाळीखालच्या उन्हात, पावसाळ्यात मोकळं पाणी. कोरड्या दिवसांत पानं झडून नुसती काडी राहते, तेव्हा पंधरवड्याला घोटभर. कड्यावरून मात्र उपटून आणायची नाही, आधीच थोडी उरलीय. रोपवाटिकेची किंवा कुणाच्या कुंडीतला काप. अशीच अट घटपर्णीला, तिची रानातली रोपं विकणं हा गुन्हा आहे, ऑनलाइन कुणी "जंगली" म्हणून देत असेल तर घेऊ नका.

---

पूर्वबाल्कनी

होयाला डोळा नाही, नुसतं पान. लिथॉप्सचं पाणी बंद. मुरूम आणला, व्हिनेगर टाकलं तर एका पोत्यातला जोरात फसफसला, दुसऱ्यातला शांत. फसफसणारा क्लॅरिनर्व्हियमला वापरू का मग?

---

मुरूम_मास्तर

तीन भागांतला एक भाग तो, दोन भाग शांत वाला. सगळा घातलात तर लोह अडेल आणि ईडीडीएचएची पुडी दर महिन्याला लागेल. उरलेला कुंड्यांखाली विटांच्या जागी पसरा.